एडक्याचा शिक्का

माणूस रिटायर झाला की त्याला काही ना काही नाद लागतो. कुणी देवळाच्या ओट्यावर बसतो, कुणी भावकीत भांडणं लावतो. आमच्या ह्यांना शिक्क्यांचा नाद लागला, आणि तोही घरी नाही, आयर्लंडात जाऊन. घरी लागला असता तर मी चार दिवसांत उतरवला असता.

मुलगा तिथल्या कासलबार गावच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर, सून तिथेच डॉक्टर. दोघांच्या ड्युट्या अशा, की एकजण घरात शिरताना दुसरा बूट घालत असायचा. दोन नातवंडं. म्हणून दोन हजार साली दिवाळी झाल्यावर आम्हाला बोलावून घेतलं. मी निघतानाच ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की हळद शिजायला लागायच्या आत मला घरी आणून सोडायचं.

आमची शेती सांगलीकडची. थोडी आहे, पण हळदीची आहे. हळद पिकवायला अक्कल लागत नाही, ती शिजवायला लागते. काहिलीत गड्डे आणि हळकुंडं घातली, वर पाला झाकला, खाली पाचटाचा जाळ लावला, की मग काडी टोचून बघत बसायचं. काडी कुठं अडते आणि कुठं सरकन जाते, ते हाताला कळावं लागतं. माझ्या दिराच्या हाताला ते कळत नाही. त्याला भूक लागली की तो जाळ ओढतो. त्याचं पोट भरतं, हळद कच्ची राहते.

पहिल्या वर्षी सुनेची कसलीशी मोठी परीक्षा निघाली आणि आमचं जाणं राहिलं. त्याबद्दल मी बोलले नाही. शिकलेल्या बायकांच्या परीक्षा संपत नसतात. दिरानं हळद शिजवली, म्हणजे कोमट केली. व्यापाऱ्यानं हळकुंड मोडून बघितलं आणि पोत्यात परत टाकलं, असं फोनवर कळलं. दुसऱ्या वर्षी मात्र मी काहिलीपाशी हजर असणार होते. मग मध्ये इंग्रजांचा एडका आला.

शेजारी एक म्हातारा राहायचा. दूध डेअरीवरून रिटायर झालेला, बायको वारलेली, पोरं अमेरिकेला. आमचे हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. एकाला गाई नाहीत, एकाला कालवे नाहीत. दोघं कुंपणाशी उभे राहून आधी पावसाबद्दल बोलले. तिथं पाऊस रोज असल्यामुळे तो विषय बरेच दिवस पुरला. मग म्हाताऱ्यानं ह्यांना घरात नेऊन आपला खजिना दाखवला.

खजिना म्हणजे पाकिटं. आत पत्र नाही, काही नाही. नुसती रिकामी पाकिटं, वर तिकीट आणि तिकिटावर पोस्टाचा शिक्का. त्यातली गंमत मला ह्यांनी इतक्या वेळा सांगितली, की मलाही पाठ झाली. इंग्लंडातल्या खेडेगावात जत्रा असते, जनावरांचं प्रदर्शन असतं, नाहीतर चर्चला शंभर वर्षं होतात. तेवढ्या दिवसापुरता तिथल्या पोस्टात एक वेगळा शिक्का करतात. त्यावर बैल, घोडा, चर्चचा कळस, जे असेल त्याचं चित्र. दिवस संपला की शिक्का मेला. तो हवा असेल तर आपणच आपल्या नावाचं पाकीट, वर इंग्लंडचं तिकीट लावून, दुसऱ्या पाकिटात घालून तिथल्या पोस्टमास्तरणीला पाठवायचं. सोबत चिठ्ठी लिहायची, की बाई, कृपा करून शिक्का जरा हलक्या हातानं मारा. ती मारते आणि आपलं पाकीट आपल्याला परत येतं.

म्हणजे स्वतःच स्वतःला रिकामं पाकीट पाठवायचं आणि ते आलं की आनंद करायचा.

लग्नानंतर मी बाळंतपणाला माहेरी गेले होते, तेव्हा ह्या माणसानं मला एक कार्ड टाकलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, पोस्ट लांब आहे. ते पोस्ट आमच्या घरापासून बांधाइतकं लांब होतं. आणि आता हेच गृहस्थ समुद्रापलीकडच्या इंग्रज बायकांना 'आपली नम्र विनंती' लिहायला लागले.

त्या म्हाताऱ्याची तर आणखी मजा. त्याचा बाप इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेला. इंग्रजांचं नाव निघालं की म्हातारा खिडकीकडे बघून ओठ चावायचा. ह्यांचे चुलते बेचाळीसच्या चळवळीतले, त्यांना सरकारी पेन्शन होती. अशी ही दोन घराणी. आणि त्यांचे हे दिवे जेवणाच्या टेबलावर डोक्याला डोकं लावून, इंग्रजांच्या डुकराच्या शिक्क्यावर भिंग धरून बसलेले. डुकराची शेपटी पूर्ण उमटली की नाही, यावर दोघांची दुपार जायची. मी चहा ठेवायला गेले की पाकिटं पदराखाली घेतल्यासारखी बाजूला सरकवायचे, चहा सांडेल म्हणून.

ह्यांनी जनावरांचं एक पान करायचं ठरवलं. बैल मिळाला, घोडा मिळाला, डुक्कर तर होतंच. बदकसुद्धा मिळालं. एडका राहिला. उत्तर इंग्लंडातल्या डोंगरातलं एक गाव दरवर्षी मेंढरांचं प्रदर्शन भरवायचं आणि यंदा शिक्क्यावर वळलेल्या शिंगांचा एडका असणार, असं म्हाताऱ्यानं कुठल्याशा मासिकात वाचलं. त्या दिवसापासून एडक्याचा जप सुरू झाला. मी परत जायचं काढलं की उत्तर ठरलेलं.

"एडका आला की तिकिटं."

मी म्हणाले, "एडका उन्हाळ्यात येईल. मी पावसाळ्यात जाईन. पण हळद शिजताना मी तिथं पाहिजे."

"उन्हाळ्यात येतोयच की."

आला नाही. दोन हजार एकच्या फेब्रुवारीत इंग्लंडात जनावरांत लाळ्या-खुरकूत आली. आपल्याकडे हा रोग आला की जनावराच्या तोंडाला औषध लावतात, चार दिवस वैरण मऊ देतात. तिथं त्यांनी कळपच्या कळप मारून जाळले. टीव्हीवर बघून मी उठून गेले. रोग समुद्र ओलांडून येईल म्हणून आयर्लंडात सगळ्या दारांत औषधात भिजवलेल्या चटया टाकल्या. दवाखान्याच्या दारात चटई, शाळेच्या दारात चटई, चर्चमध्ये जायचं तरी आधी पाय पुसायचे. त्यांची सणाची मोठी मिरवणूकसुद्धा पुढं ढकलली. आणि उन्हाळ्यातलं ते मेंढरांचं प्रदर्शन अर्थातच रद्द झालं. मेंढरंच उरली नव्हती.

मला वाटलं, सुटले. पण म्हातारा एक दिवस कुंपणाशी आनंदानं हात हलवत आला. त्या गावानं ठरवलं होतं, की प्रदर्शन ऑक्टोबरात भरवायचं. जनावरांशिवाय. केक, भोपळे, फुलं आणि बायकांनी विणलेले मोजे. पण शिक्का आधीच करून ठेवलेला होता, म्हणून तो तसाच वापरायचा. मेंढरांच्या प्रदर्शनात मेंढरू नाही आणि शिक्क्यावर एडका. आमच्या ह्यांना यात काही वावगं वाटलं नाही. उलट म्हणाले, त्यामुळे किंमत वाढणार. इतकं सोसलेल्या गावाबद्दल दोघं म्हातारे असं बोलत होते, जसं काही त्या मेंढरांनी ह्यांच्या पानासाठी जीव दिला.

मग ह्यांना एकदम माया आली. दसरा जवळ आला होता. म्हणाले, ती पोस्टमास्तरीण बिचारी, गावातली सगळी मेंढरं गेली, तिला चार चांगले शब्द लिहावेत. मी म्हणाले, लिहा, शब्दाला काय पडतंय. पण ते देवापाशी गेले, कुंकू घेतलं, माझ्या डब्यातली घरची हळद घेतली, वर चार अक्षता घातल्या आणि कॅलेंडरच्या कागदाची पुडी बांधून चिठ्ठीसोबत पाकिटात घातली. मी चपाती लाटता लाटता बघत होते.

"अहो, तिला हळदीकुंकवाचं काय कळणार? कपाळाला लावेल की भाजीत घालेल?"

"शुभ असतं. लिहिलंय मी तसं, फॉर गुड लक."

जन्मात ह्या माणसानं घरच्या सवाष्णीला हळदीकुंकू दिलेलं मी पाहिलं नाही. ती सवाष्ण मीच. आणि आता परक्या मुलखातल्या बाईला पुडी. मी लाटणं चालू ठेवलं.

त्याच दिवसांत अमेरिकेत पत्रांतून पावडर पाठवून माणसं मारल्याच्या बातम्या चालल्या होत्या. जनावरांना काळपुळी होते ना, त्या रोगाचं बी. घरात रोज टीव्ही चालू असायचा. नातूसुद्धा शाळेतून येऊन तेच बोलायचा, त्याच्या त्या आयरिश हेलातल्या इंग्रजीत. पण ह्यांच्या डोक्यात एडका इतका भरला होता, की दुसऱ्या कुठल्याच जनावराला तिथं जागा नव्हती.

प्रदर्शन होऊन गेलं. पाकीट आलं नाही. हे रोज सकाळी दाराच्या फटीपाशी उभे. पोस्टमननं काही आत टाकलं की वाकून बघायचे, विजेचं बिल निघालं की सरळ व्हायचे. मी विचारलं, मेंढरं पायी येतायत काय.

मग एके दिवशी दुपारी बेल वाजली. दारात दोन पोलीस, एक उंच पोरगा आणि एक बाई. मुलगा दवाखान्यात होता. सून रात्रपाळी करून वर झोपलेली. हे शेजारी भिंग घेऊन बसलेले. मला इंग्रजी येत नाही. मी चौथीपर्यंत शिकले, तेही आमच्या गावच्या शाळेत. पण दारात आलेल्याला बसवायचं असतं हे शिकायला शाळा लागत नाही. मी त्यांना बसवलं आणि चहा टाकला.

त्यांनी टोपी काढून एक फोटो पुढं केला. फोटोत आमचं कॅलेंडर होतं. म्हणजे त्याचा चुरगळलेला तुकडा, त्यावर एकादशी छापलेली, आणि मधोमध पिवळा आणि लाल ढीग. मी बघताक्षणी ओळखलं. माझ्या हळदीचा रंग मी ओळखणार नाही तर कोण. मी म्हणाले, हळद. ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी प्रेस उघडलं. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आमच्याही घरात तेच म्हणायला लागले होते. आतला हळदीचा डबा काढला आणि टेबलावर ठेवून झाकण उघडलं.

दोघं खुर्चीसकट मागं सरकले. पोराच्या हातातला कप बशीत कलंडला.

मला कळलं. टीव्ही मीही बघत होते. मी चिमूटभर हळद उचलली, जिभेवर ठेवली, गिळली आणि वर पाणी प्यायले. मग त्यांच्यासमोर बसले. ते दोघं मी मरते का ते बघत होते आणि मी ते कधी हसतात ते बघत होते. बाई आधी हसली. तेवढ्यात सून केस सोडलेले, डोळे चोळत खाली आली आणि पोलिसांपुढं हळदीचा डबा आणि माझी पिवळी जीभ बघून जिन्यातच बसली.

पुढचं तिनं मला समजावून सांगितलं. पोस्टमास्तरणीनं ह्यांचं पाकीट उघडलं होतं. आधी तिनं शहाण्यासारखा शिक्का मारला. मग पुडी सोडली. काउंटरवर पिवळी-लाल पावडर आणि कागदावर तिला न वाचता येणारी अक्षरं. तिनं जे करायला पाहिजे तेच केलं. पोलिसांना फोन केला. त्यांनी गाव रिकामं केलं, तोंडाला नळ्या लावलेली माणसं आली, तिच्या अंगावरचे कपडे काढून घेऊन तिला पाण्याच्या फवाऱ्याखाली उभं केलं. आधी मेंढरं जाळली आणि वर हे. तपासणीत हळद निघाली, कुंकू निघालं, तांदूळ निघाला. जादा चौकशी म्हणून पाकिटावरच्या पत्त्यावरून इकडच्या पोलिसांना कळवलं. पत्ता ह्यांनी स्वतःच स्वच्छ अक्षरात घातला होता.

हे सगळं चालू असताना हे आणि शेजारचा म्हातारा आत आले. सुनेनं सगळं सांगितलं. पोलीसबाईनं सांगितलं की गुन्हा वगैरे काही नाही, पण असं परत करू नका, आणि पाकीट तिकडच्या पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवून घेतलंय, नंतर परत देतील. ह्यांनी सगळं ऐकलं. मग खाकरून एकच प्रश्न विचारला.

"शिक्का नीट उमटलाय का?"

पोलीस पोरानं बाईकडे बघितलं. बाईनं माझ्याकडे बघितलं. शेजारचा म्हातारा मात्र पुढं सरकला, कारण त्यालाही तेच विचारायचं होतं.

मुलगा संध्याकाळी आला तेव्हा दवाखान्यात सगळ्यांना कळलेलं होतं. छोटं गाव, तिथं बातमीला चटई आडवी येत नाही. नर्सा म्हणे त्याला बघून एकमेकींना विचारत होत्या, आज डब्यात पिवळं काय आणलंय. तो ओरडला नाही. बापाचा मुलगा आहे, जेवून घेतलं आणि मग म्हणाला, बाबा, तुम्ही दोघं आता घरी गेलेलं बरं. मी तिकिटं बघतो.

मी ताट उचलताना मनात म्हटलं, हळदी, तू धन्य आहेस. वर्षभर मी बोलून जे झालं नाही ते तू एका चिमटीत केलंस. पण हे ताटावरून उठले नाहीत.

"पोलीस पाकीट परत देणार आहेत. ते आल्याशिवाय मी हलायचा नाही."

"कधी देणार?"

"चौकशी संपली की."

"एडक्याची चौकशी?"

"तू चेष्टा कर. पण शिक्का मारलेला आहे. माझ्या नावाचं पाकीट आहे ते."

मी म्हणाले, "बसा मग. माझं एकटीचं तिकीट काढ रे. हळद कुणाच्या एडक्यासाठी थांबत नसते."

मुलानं मला शॅननच्या विमानतळावर सोडलं. हे आले नाहीत, पोस्टमन यायची वेळ होती. शेजारच्या म्हाताऱ्यानं मात्र कुंपणाशी येऊन टोपी काढली आणि सुनेकडून विचारून घेतलं, की उरलेल्या हळदीचा डबा ठेवून जाणार का. मी त्याच्या गुडघ्यासाठी दुधातून द्यायचे. ठेवला. सुनेला म्हणाले, पोस्टात जाऊ देऊ नकोस म्हणजे झालं. लंडनला विमान बदलताना मला पाट्या वाचता येणार नाहीत म्हणून मुलानं चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. माझे पाय चांगले होते, पण बसले. इंग्रजांच्या मुलखात एका इंग्रजानं मला ढकलत नेलं. इंग्रजाला राबवायचं पाकिटं गोळा करणाऱ्या दोघांना जमलं नाही, ते माझ्या वाट्याला आलं, असं वाटलं.

मी वेळेवर पोचले. दीर मला बघून खूश झाला नाही. काहिली लागली तेव्हा काडी माझ्या हातात होती. त्याला भूक लागली की मी त्याला जेवायला पाठवत होते आणि जाळ तसाच ठेवत होते. हळद शिजायला पाहिजे तशी शिजली. व्यापाऱ्यानं हळकुंड मोडलं, आतला रंग बघितला आणि काही बोलला नाही. व्यापारी बोलला नाही म्हणजे माल चांगला.

हे वाळवणाच्या दिवसांत आले, एडक्याशिवाय. पोलीस उत्तर देत नव्हते, सुनेला भाकरी येत नव्हती आणि म्हातारा हळद संपल्यावर रुसला होता. मी ह्यांच्या हातात फावडं दिलं. संध्याकाळपर्यंत ह्यांनी वाळत घातलेली हळद खालीवर केली. मग पुढच्या दिवसांत ह्यांनी नवीन उद्योग काढला. गावातल्या पोस्टमास्तरला जाऊन शिकवायला लागले. तुझा शिक्का म्हणजे नुसता काळा डाग असतो, गावाचं नाव तरी वाचता येतं का, शाई बेतानं घे, शिक्का तिकिटाच्या मधोमध सरळ धर, इंग्लंडात बघ कसा मारतात. पोस्टमास्तर गरीब माणूस, किराणा दुकान सांभाळून पोस्ट चालवणारा. तो ऐकून घ्यायचा.

पावसाळ्याच्या तोंडाला पाकीट आलं. पोलिसांनी कबूल केल्याप्रमाणे ते कासलबारला पाठवलं होतं. मुलगा घाईत. तिकडे रिवाज असा, की माणूस घर बदलून गेला असेल तर पाकिटावरचा पत्ता खोडायचा, नवा लिहायचा आणि पाकीट परत पेटीत टाकायचं. त्यानं तेच केलं, वर आणखी तिकिटं लावून. दुसऱ्या पाकिटात घालायचं त्याला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि केलं नाही.

ह्यांनी पाकीट दोन्ही हातांत घेतलं. त्यावर आयर्लंडच्या मशीनच्या लाटा आडव्या गेल्या होत्या. मुंबईचा शिक्का होता, तालुक्याचा होता. एडक्याचं एक शिंग लाटांत बुडालं होतं, दुसरं मुंबईखाली गेलं होतं. तोंड तेवढं शिल्लक होतं, ते मुंबईनंही सोडलं होतं. आणि त्या तोंडावर, बरोबर मधोमध, सरळ, बेताच्या शाईनं, आमच्या गावचा शिक्का होता. गावाचं नाव, तारीख, सगळं लख्ख वाचता येत होतं. एरवी तो मागच्या बाजूला मारतात. पण पोस्टमास्तरला पाकिटावरचं नाव दिसलं होतं आणि त्यानं जागा नीट बघून, हलक्या हातानं मारला होता. पाकीट द्यायला तो स्वतः आला होता आणि दारात उभा होता.

हे पाकीट उजेडाकडे तिरकं करून एडका शोधत होते. पोस्टमास्तर म्हणाला, "आता बरोबर आलाय ना, साहेब?"

ह्यांनी मान हलवली. दुसरं काय करणार. मी पोस्टमास्तरला चहा दिला.

ह्यांनी तेच पाकीट जनावरांच्या पानावर, बदकाच्या शेजारी लावलं. पाहुणा आला की दाखवतात आणि एडका कुठं आहे ते बोटानं सांगतात. पाहुणे दिसला म्हणतात. पाकिटाला अजून हळदीचा वास येतो, असं हे म्हणतात. येणारच. आमच्या घरात सगळ्यालाच येतो.